खुर्जा नेत्रशिबिर, १९८६ : संसर्ग दिसला, जबाबदारी सिद्ध झाली नाही

उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातलं खुर्जा हे गाव चिनी मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. १९८६ साली तिथल्या लायन्स क्लबने नेत्रशिबिर भरवलं. अशी शिबिरं क्लबने आधीही घेतली होती. अनुभवी नेत्रतज्ज्ञ आणि त्यांचं पथक आलं, १०८ जणांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ८८ मोतीबिंदूच्या होत्या. नंतर डोळ्यांच्या आत जंतुसंसर्ग झाला आणि ८४ जणांचा शस्त्रक्रिया केलेला डोळा कायमचा गेला.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. ए. एस. मित्तल विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या नावाने १९८९ साली त्याचा निकाल लागला. वैद्यकीय निष्काळजीपणावरच्या लिखाणात या निकालाचा उल्लेख वारंवार येतो, पण बहुतेक ठिकाणी तो नुकसानभरपाईच्या आकड्यापाशी येऊन थांबतो. माझ्या मते त्यातला खरा धडा दुसरीकडे आहे. एकाच शिबिरात ८४ डोळे जातात, संशयाची सुई एका वस्तूकडे वळते, आणि तरीही नेमकं काय चुकलं, कोणाच्या हातून चुकलं, हे न्यायालयासमोर पक्कं उभं राहत नाही. संसर्ग रोखणं हे डॉक्टरचं, नर्सचं, रुग्णालयाचं कायदेशीर कर्तव्य आहे हे सगळेच मान्य करतात. ते कर्तव्य आपण पाळलं हे नंतर दाखवता येणं, हासुद्धा त्याच कर्तव्याचा भाग आहे. खुर्ज्यात नेमकी हीच बाजू रिकामी राहिली.

शिबिरं का होत होती

त्या काळची परिस्थिती लक्षात घेतल्याशिवाय या प्रकरणाकडे बघणं अन्यायाचं होईल. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला होता. १९८६ ते १९८९ या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीत अंधत्वाचं प्रमाण १.४९ टक्के निघालं आणि त्यातलं ८० टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होतं. म्हणजे साध्या शस्त्रक्रियेने परत मिळू शकणारी नजर लाखो माणसं गमावून बसली होती. नेत्रतज्ज्ञ शहरांत, रुग्ण खेड्यांत. शाळेच्या, धर्मशाळेच्या खोल्या धुऊन तिथे टेबलं मांडायची आणि दोन दिवसांत शंभरेक माणसांना दृष्टी द्यायची, ही पद्धत या अडचणीतून आली. शिबिरांत काम करणारे डॉक्टर पैशासाठी येत नव्हते. आयोजकही सेवाभावानेच धडपडत होते.

म्हणूनच या प्रकरणातला पहिला कायदेशीर प्रश्न टोचणारा आहे. सेवा मोफत, हेतू चांगला, जागा तात्पुरती. मग स्वच्छतेची पट्टी थोडी खाली आणता येते का? न्यायालयाचं उत्तर स्पष्ट होतं. शस्त्रक्रिया कुठेही होवो, निर्जंतुकतेचा दर्जा सर्वोच्चच हवा. चांगला हेतू त्याची जागा घेऊ शकत नाही. शिबिरातला रुग्ण बहुधा गरीब असतो. त्याला दुसरा पर्याय नसतो, आणि टेबलावर ठेवलेली बाटली कुठून आली हे विचारण्याइतकी हिंमतही नसते. त्याच्या बाबतीत काळजी कमी नव्हे, उलट जास्त घ्यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

संशय सलाईनवर

आता त्या टेबलाजवळ जाऊ. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्या काळी शिबिरांत बहुतेक एकाच पद्धतीने व्हायची. बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाकार छेद घ्यायचा, गढूळ झालेलं भिंग आवरणासकट बाहेर काढायचं, टाके घालायचे, पट्टी बांधायची आणि काही आठवड्यांनी जाड काचांचा चष्मा द्यायचा. हे चालू असताना डोळा ओला ठेवावा लागतो, रक्त आणि कण धुऊन काढावे लागतात. त्यासाठी नॉर्मल सलाईन वापरत, म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. शस्त्रक्रियेत हाताळल्या जाणाऱ्या सगळ्या वस्तूंत हीच एक वस्तू अशी की, ती प्रत्येक रुग्णाच्या उघड्या डोळ्यात थेट जाते. चिमटा एकाचा वेगळा, दुसऱ्याचा वेगळा असू शकतो. सुई बदलते, धागा बदलतो. सलाईन मात्र एकाच खोक्यातल्या बाटल्यांमधून किंवा एकाच भांड्यातून एकामागून एक सगळ्यांसाठी ओतलं जातं.

खुर्ज्याच्या प्रकरणातही संशय मुख्यतः या सलाईनवरच आला. एकाच वेळी इतक्या डोळ्यांत संसर्ग झाला, तर उगम सामाईक असणार हे उघड आहे. मोतीबिंदूनंतर डोळ्याच्या आत संसर्ग होणं ही ज्ञात गुंतागुंत आहे. चांगल्या ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, तिचं प्रमाण हजारात एखाद्याहूनही कमी असतं आणि तिथे जंतू बहुतेकदा रुग्णाच्याच पापणीवरचे असतात. अशा एकट्यादुकट्या संसर्गाला कोणी निष्काळजीपणा म्हणत नाही, न्यायालयंही म्हणत नाहीत. पण १०८ पैकी ८४ हा आकडा रुग्णांच्या पापण्यांमधून येत नाही. तो बाहेरून आत गेलेल्या एखाद्या गोष्टीतूनच येतो.

आत गेल्यावर काय होतं, हेही समजून घ्यायला हवं, कारण कायद्यातला 'धोका आधी कळण्यासारखा होता का' हा प्रश्न त्यावरच उभा आहे. बुबुळामागच्या पोकळीत असलेल्या पातळ द्रवाच्या मागे साधारण चार मिलिलिटर जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे लवकर पोहोचत नाहीत, आणि गोळीतून किंवा सलाईनमधून दिलेलं प्रतिजैविकही पुरेसं उतरत नाही. आतड्यातला ई. कोलाय किंवा ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास यांच्यासारखे जंतू तिथे पोहोचले तर त्यांना अडवणारं कोणी नसतं. ई. कोलायची संख्या अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होते. एका जंतूचे सात तासांत वीस लाख होऊ शकतात. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना डोळा लालभडक, पापणी सुजलेली, बुबुळामागे तळाशी पांढरट पूची रेघ, आणि 'दुखतंय हो, रात्रभर झोप नाही' ही तक्रार. आज अशा वेळी काही तासांत व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडाइम ही प्रतिजैविकं थेट डोळ्याच्या आत टोचतात, तरीही आक्रमक जंतू असेल तर डोळा वाचेलच असं नाही.

सलाईन दूषित होण्याचे रस्ते दोन. एक, बाटली कारखान्यातूनच दूषित आली. दोन, ती इथे दूषित झाली: नीट निर्जंतुक न करता तयार केली, बूच काढून उघडी ठेवली, आधीच्या रुग्णाचं उरलेलं पुढच्याला वापरलं, किंवा भांड्यात ओतून त्यात वारंवार सिरिंज बुडवली. वैद्यकीयदृष्ट्या परिणाम तोच. कायद्याच्या दृष्टीने मात्र पहिल्या रस्त्यावर उत्पादक उभा असतो आणि दुसऱ्यावर शस्त्रक्रिया करणारं पथक. सलाईन हे औषधच आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली ते परवानाधारक उत्पादकानेच बनवायचं असतं आणि प्रत्येक बॅचची निर्जंतुकतेची चाचणी व्हावी लागते. या दोन रस्त्यांमधला फरक दाखवणारी गोष्ट एकच: कोणत्या रुग्णाला कोणत्या बॅचची बाटली वापरली याची नोंद, आणि त्या बॅचची न फोडलेली एखादी बाटली.

न्यायालयाने काय केलं, काय करू शकलं नाही

हे प्रकरण घटनेच्या अनुच्छेद ३२ खाली जनहित याचिकेच्या रूपाने थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. यामागे सोयीचं कारणही होतं. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ च्या डिसेंबरात संमत झाला आणि पुढच्या वर्षी टप्प्याटप्प्याने लागू झाला. शिबिराच्या वेळी तो नव्हता. असता तरी उपयोग झाला नसता. पुढे १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात ठरलं की, जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत दिली जाते तिथला रुग्ण या कायद्यातला 'ग्राहक' नाही. काहींकडून पैसे घेऊन काहींना मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयातला मोफत रुग्ण मात्र ग्राहक ठरतो. संपूर्ण मोफत शिबिरातल्या रुग्णापुढे म्हणून आजही दिवाणी न्यायालय, फौजदारी तक्रार, वैद्यकीय परिषद किंवा रिट याचिका एवढेच मार्ग उरतात. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त आणि जवळचा दरवाजाच बंद. ही कायद्यातली उणीव आहे आणि ती भरून काढायला हवी.

न्यायालयाने निष्काळजीपणाची कसोटी सांगितली: वाजवी कौशल्याचा आणि काळजीने वागणारा डॉक्टर जी चूक करणार नाही, ती चूक म्हणजे निष्काळजीपणा. शस्त्रक्रियेत धोके असतात, प्रत्येक अपयश म्हणजे दोष नव्हे, हेही सांगितलं. नेत्रशिबिरांसाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूचना तपासल्या. पण संसर्गाचं नेमकं कारण आणि एखाद्या व्यक्तीची चूक यांना जोडणारा वस्तुस्थितीचा पाया निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही, असं म्हणून न्यायालय तिथे थांबलं. पीडितांना आधी अंतरिम मदत म्हणून मिळालेल्या ५,००० रुपयांखेरीज प्रत्येकी आणखी १२,५०० रुपये राज्य सरकारने द्यावेत, असा आदेश माणुसकीच्या भूमिकेतून दिला.

इथे जरा थांबायला हवं. ही रक्कम हक्काची भरपाई नव्हती. कोणाची चूक ठरवून त्या चुकीची किंमत म्हणून ती दिलेली नव्हती. एका डोळ्यासाठी १७,५०० रुपये, तेही दयेच्या खात्यातून. ज्यांनी काम केलं त्या डॉक्टरांचाही यात फायदा झाला असं मी मानत नाही. ज्याची चूक नव्हती त्याला ती नव्हती हे सिद्ध करता आलं नाही. ज्याची होती तो ओळखला गेला नाही. पुढच्या शिबिरात नेमकं काय बदलायचं, हे सांगणारा ठोस निष्कर्षही हाती लागला नाही.

आज हेच घडलं तर

समजा, असाच संसर्ग आज एखाद्या रुग्णालयाच्या ओटीत झाला. आता कायद्याचं जाळं बरंच दाट आहे.

फौजदारी बाजू आधी घेऊ, कारण डॉक्टरांना धास्ती तिचीच असते. 'कोणत्याही एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं' ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापत आहे. आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये. बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने अशी दुखापत झाली तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मृत्यू झाला तर कलम १०६ लागतं, ज्यात वैद्यकीय प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरसाठी कमाल शिक्षा दोन वर्षं आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने इथे मोठं कुंपण घातलं. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा हवा, आणि तपास अधिकाऱ्याने डॉक्टरवर पुढची कारवाई करण्याआधी त्या शाखेतल्या स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतल्या, डॉक्टरचं मत घ्यायला हवं. ते मत देणारा डॉक्टर काय बघणार? ऑटोक्लेव्हचं (दाबाखालच्या वाफेने सामान निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं) रजिस्टर, निर्जंतुकीकरण झालं का हे दाखवणारे इंडिकेटर, बॅच नंबर, त्या दिवशीची ओटी लिस्ट. हे कागद समोर नसतील तर तो डॉक्टरच्या बाजूने मत तरी कशाच्या आधारावर देणार?

दिवाणी बाजूला पुराव्याचा भार हाही कळीचा मुद्दा. सुरुवातीला चूक दाखवण्याची जबाबदारी रुग्णाची असते. पण २००९ च्या निझाम्स इन्स्टिट्यूट विरुद्ध प्रशांत धनंका या निकालानुसार, रुग्णाने प्रथमदर्शनी निष्काळजीपणा दाखवला की आपण पुरेशी काळजी घेतली हे रुग्णालयाला दाखवावं लागतं. एका दिवशी एका टेबलावर वीस शस्त्रक्रिया आणि पंधरा डोळ्यांत पू, एवढं मांडल्यावर रुग्णाने आणखी काय मांडायचं? मग न्यायालय रुग्णालयाकडे वळणार. खुर्ज्याच्या आणि आजच्या परिस्थितीत हा सर्वांत मोठा फरक आहे. तेव्हा नोंदींचा अभाव रुग्णांच्या मुळावर आला. आज तो रुग्णालयाच्या मुळावर येईल.

'निर्जंतुकीकरण सिस्टरकडे होतं' हा बचावही टिकत नाही. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात नर्सने दिलेल्या चुकीच्या इंजेक्शनची जबाबदारी रुग्णालयावर आली होती. सर्जनने निर्जंतुक सामानाचा प्रत्येक ड्रम स्वतः उघडून बघावा असं कायदा म्हणत नाही. पण तो कोण बघतो, ती व्यक्ती प्रशिक्षित आहे का, आणि बघितल्याची सही कुठे आहे, हे विचारणं सर्जनचं काम आहे. उलट बाजूनेही हेच खरं. ओटीतली नर्स स्वतःच्या नावाने नर्सिंग परिषदेकडे नोंदणीकृत असते. इंडिकेटरचा रंग बदललेला नसताना 'सर घाईत होते' म्हणून तिने ट्रे उघडला तर तिची स्वतंत्र जबाबदारी संपत नाही. ज्या ओटीत ज्युनिअर सिस्टर 'हा ट्रे नको' असं सर्जनला तोंडावर म्हणू शकते, ती ओटी मला जास्त सुरक्षित वाटते. हे धाडस वैयक्तिक गुणावर सोडून चालत नाही. रुग्णालयाच्या लेखी नियमात 'इंडिकेटर फेल असेल तर शस्त्रक्रिया थांबवण्याचा अधिकार ओटी इन्चार्जला आहे' हे एक वाक्य हवं.

इंडिकेटरबद्दल थोडं सविस्तर, कारण गफलत इथेच होते. ड्रमवर लावलेल्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे आतलं सामान निर्जंतुक झालं, असा सर्रास समज आहे. ती टेप फक्त एवढंच सांगते की हा ड्रम वाफेत जाऊन आला. १२१ अंश तापमान आणि चौरस इंचाला १५ पौंड दाब ठरलेल्या वेळेपर्यंत टिकला का, गच्च भरलेल्या गाऊनच्या मध्यभागी वाफ पोहोचली का, हे ती सांगत नाही. त्यासाठी पॅकच्या आत रासायनिक इंडिकेटर ठेवावा लागतो आणि ठरावीक काळाने जैविक चाचणी घ्यावी लागते. या चाचणीत उष्णतेला दाद न देणाऱ्या एका जंतूचे बीजाणू मुद्दाम ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात आणि ते मेले का हे तपासतात. उकळत्या पाण्यात असे बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे हत्यारं 'उकळून घेतली' हे उत्तर आज कुठल्याही तज्ज्ञासमोर टिकणार नाही. वाफेने जंतू मेले तरी त्यांच्या भिंतीतलं विष पाण्यात शिल्लक राहू शकतं, आणि तेही डोळ्याच्या आत तीव्र दाह घडवतं. म्हणून डोळ्यात जाणारा द्रव स्थानिक पातळीवर बनवून ऑटोक्लेव्ह करण्याचा विचारही करू नये.

नोंदींविषयी कायदा काय म्हणतो? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या. वैद्यकीय आस्थापनांची नोंदणी उत्तर प्रदेशात २०१० च्या केंद्रीय कायद्याखाली होते. महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आणि त्याचे २०२१ मध्ये सुधारलेले नियम लागू आहेत. पण ऑटोक्लेव्हचं रजिस्टर सहसा रुग्णाच्या फाइलमध्ये नसतं. ते सीएसएसडीच्या, म्हणजे रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागाच्या, टेबलावर वेगळं पडलेलं असतं आणि भरलं की माळ्यावर जातं. फाइलमध्ये 'ट्रे क्रमांक अमुक, लोड (ऑटोक्लेव्हची फेरी) क्रमांक तमुक, सलाईन बॅच ही' असा स्टिकर चिकटवला नसेल, तर तीन वर्षं जपलेली फाइलही या प्रश्नाला मुकीच राहते. बाटलीवरचं लेबल सोलून केस पेपरवर चिकटवायला अर्धं मिनिटही लागत नाही.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांचा इथे अनपेक्षित संबंध येतो. हे नियम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली प्रथम १९९८ मध्ये आले आणि २०१६ मध्ये नव्याने लागू झाले. रंगांच्या पिशव्या सगळ्यांना पाठ असतात: रक्ताळलेला कापूस पिवळीत, नळ्या आणि ग्लोव्हज लालमध्ये, सुया पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. कर्मचाऱ्यांना कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस देणं, त्यांना प्रशिक्षण देणं, अपघातांची नोंद ठेवणं हीही मालकाची जबाबदारी आहे. हे कलम फार ठिकाणी कागदावरच राहतं. पण आपल्या प्रकरणाशी थेट भिडणारा नियम वेगळाच: रक्ताळलेल्या कापसासारखा प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून जास्त साठवायचा नाही. नियम योग्यच आहे. अडचण अशी की, डोळ्यातला संसर्ग अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो आणि तोवर त्या कचऱ्याबरोबरच रिकाम्या बाटल्या, नळ्या, सिरिंज सगळं गाडीतून गेलेलं असतं. नियम काटेकोर पाळणाऱ्या रुग्णालयाचा पुरावा असा निघून जातो. म्हणून शिस्तीची नेत्ररुग्णालयं प्रत्येक बॅचमधली एक न फोडलेली बाटली तारीख घालून बाजूला ठेवतात आणि त्या बॅचचे सगळे रुग्ण तपासून होईपर्यंत ती हलवत नाहीत. असं करा म्हणून बोट ठेवून सांगणारा नियम मला सापडणार नाही, पण सावध डॉक्टर हेच करतो, आणि निष्काळजीपणाच्या कसोटीत मोजमाप सावध डॉक्टरचंच असतं.

धोरणाच्या पातळीवर बदल झाला तो महत्त्वाचा. शाळेच्या खोलीत टेबल मांडून डोळे उघडण्याची पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमाने मागे सारली. आता शिबिरात फक्त तपासणी करायची आणि रुग्णाला कायमस्वरूपी ओटी असलेल्या रुग्णालयात आणायचं, अशी रीत आहे. तरीही मध्य प्रदेशातलं बडवानी २०१५ मध्ये, इंदूर २०१९ मध्ये आणि बिहारमधलं मुझफ्फरपूर २०२१ मध्ये याच कारणाने बातम्यांत आलं. पक्क्या भिंती, पक्की ओटी, आणि तरीही मोतीबिंदूनंतर एकाच वेळी अनेकांचे डोळे गेले. जागा बदलल्याने धोका कमी होतो. एका दिवसात किती डोळे करायचे, दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये किती वेळ सोडायचा, हे ठरवणारा माणूस उद्दिष्टाच्या दडपणाखाली असेल तर पक्क्या ओटीतही तीच घाई शिरते.

दुसरा फोन आला की

संसर्ग झाल्यावर पहिल्या काही तासांत काय केलं, यावर पुढचा बराचसा निवाडा अवलंबून असतो. त्याबद्दल डॉक्टरमंडळींशी बोलताना मला सर्वांत जास्त गोंधळ इथेच दिसतो. पहिल्या रुग्णाचा डोळा दुखतोय असा फोन आला, तर ती गुंतागुंत असू शकते. त्याच दिवशीच्या यादीतल्या दुसऱ्या रुग्णाचा फोन आला, की ओटी तत्काळ बंद करायची. सगळा तपास होऊन कारण कळेपर्यंत वाट बघत पुढची यादी चालू ठेवणं, हा माझ्या मते मूळ संसर्गापेक्षाही गंभीर दोष आहे. मूळ संसर्ग नकळत झाला असेल. त्यानंतरची प्रत्येक शस्त्रक्रिया धोका माहीत असताना केलेली ठरते. ढोबळ निष्काळजीपणाची व्याख्या नेमकी इथे येऊन लागू पडते.

त्या यादीतल्या प्रत्येक रुग्णाला, तक्रार नसली तरी, त्याच दिवशी बोलवून तपासायचं. दूरच्या गावाहून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला फोनवर 'काही झालं तर या' एवढं सांगून भागत नाही. त्याला आणायला गाडी पाठवायची. डोळ्यातल्या द्रवाचा नमुना प्रतिजैविक टोचण्याआधी घ्यायचा, नाहीतर जंतू वाढवून ओळखण्याची संधी जाते. रुग्णाला आणि घरच्यांना खरं सांगायचं: एकाहून जास्त डोळ्यांत संसर्ग झाला आहे, कारण शोधतो आहोत, उपचार आत्ताच सुरू करायचे आहेत. वकील विचारतील या भीतीने लपवलेली माहिती पुढे न्यायालयात 'लपवली' म्हणूनच वाचली जाते.

मग वस्तूंकडे वळायचं. बाजूला ठेवलेली सलाईनची बाटली, शस्त्रक्रियेत डोळ्यात भरायचं व्हिस्कोइलॅस्टिक जेल, डाय (रंगद्रव्य), बीटाडीन, नळ्या, शेवटच्या लोडचे इंडिकेटर, ऑटोक्लेव्हच्या पाण्याचा नमुना. हे सगळं दोन साक्षीदारांसमोर, यादी करून, सील करायचं. स्वतःच्या ओळखीच्या लॅबमध्ये गुपचूप पाठवून अहवाल हातात येईपर्यंत गप्प बसायचं नाही. बॅचवर संशय असेल तर औषध निरीक्षकाला लेखी कळवायचं. कायद्याने नमुना घेण्याचा, तो भागांत विभागून सीलबंद करण्याचा आणि सरकारी विश्लेषकाकडे पाठवण्याचा अधिकार त्याला आहे, आणि त्या अहवालाला न्यायालयात वजन असतं. हीच बॅच इतर रुग्णालयांतही गेलेली असणार, त्यामुळे हे कळवण्यात एक दिवसाचा उशीर म्हणजे दुसऱ्या गावच्या टेबलावर तीच बाटली उघडली जाणं. निर्जंतुकतेच्या प्रमाणित चाचणीत नमुना चौदा दिवस ठेवून बघावा लागतो. तोवर बॅच वापरातून बाजूला काढायची, उरलेल्या बाटल्यांची संख्या मोजून कुलपात ठेवायची आणि तिच्या पावतीची, पुरवठादाराच्या बिलाची आणि कोणत्या तारखेला किती बाटल्या वापरल्या याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्यायची.